बुलबुलाला कुंपण, वटवाघळाला धोंडा



आपल्या भित्तिपत्रकात दर महिन्याला कुणीतरी एका प्राण्याची किंवा पक्ष्याची माहिती लिहितो. मी या वेळी दोघांची माहिती लिहिणार आहे. एक बुलबुल आणि दुसरे वटवाघूळ. बुलबुल सगळ्यांचा लाडका. वटवाघूळ कुणालाच नको असते. ही जोडी मी का निवडली ते आधी सांगतो. ते लपवून पुढचे लिहिणे बरोबर होणार नाही.

धुळवडीच्या दिवशी आम्ही चौघे मित्र ओढ्याकाठच्या मोठ्या वडाखाली गेलो होतो. माझ्या खिशात बेचकी होती. वडावर वटवाघळे लटकलेली होती. एकजण म्हणाला, "तुझा नेम लागतोय का बघू." मी खडा लावला आणि सोडला. नेम लागला. एक वटवाघूळ फांद्यांवर आदळत खाली आले. पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मग जवळ जाऊन पाहिले, तर त्याच्या पोटाला एक पिल्लू चिकटलेले. आई हलत नव्हती. पिल्लू हलत होते.

तेवढ्यात माझे आबा शेळ्या घेऊन तिथून चालले होते. ते ओरडले, "हात लावू नका रे कुणी! आणि हे काय केलंस? पोटाशी पोर हाय की तिच्या!" आबांनी गोणपाटात धरून ते पिल्लू वडाच्या एका खालच्या फांदीला अडकवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पळत जाऊन पाहिले. ते फांदीवर नव्हते आणि खालीही नव्हते. पुढे मी वाचले, की वटवाघळाची मादी आपल्याच पिल्लाला दूध पाजते. त्यामुळे त्या पिल्लाचे काय झाले असेल ते कुणी मला सांगायला नको.

ही गोष्ट गुरुजींच्या कानावर गेली. त्यांनी मला मारले नाही. फक्त विचारले, "मागच्या आषाढात शाळेच्या मेंदीत बुलबुलाचं घरटं होतं, तेव्हा तू काय केलं होतंस?" मी म्हणालो, "काटक्यांचं कुंपण केलं होतं. मांजर येऊ नये म्हणून मधल्या सुट्टीत राखण करत होतो." गुरुजी म्हणाले, "मग या दोघांत असा काय फरक आहे, की एकाला कुंपण आणि दुसऱ्याला धोंडा? शोध आणि लिहून आण."

म्हणून हा लेख. यातली काही माहिती पुस्तकांतून घेतली, काही गुरुजींनी समजावून सांगितली, आणि काही मी स्वतः पंधरा दिवस वडाखाली बसून पाहिली.

ओळख

आपल्या शाळेजवळ दिसतो तो लालबुड्या बुलबुल. डोके काळे, डोक्यावर छोटा तुरा, अंग मातकट आणि शेपटीच्या बुडाशी लाल रंग. तो लाल ठिपका नीट बघा, म्हणजे पुन्हा कधी चुकणार नाही. लांबी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या कंपासपेटीतल्या पट्टीपेक्षा थोडी जास्त. वजन साधारण ४० ग्रॅम. गालावर लाल ठिपका आणि डोक्यावर उंच टोकदार तुरा असतो तो याचा भाऊ, शिपाई बुलबुल.

वडावर लटकते ते भारतातले सर्वांत मोठ्या वटवाघळांपैकी एक. तोंड कोल्ह्यासारखे, डोळे मोठे, मानेवर तांबूस केस. वजन एक किलोच्या आसपास, काहींचे दीड किलोपर्यंतही जाते. म्हणजे तराजूच्या एका पारड्यात हे वटवाघूळ ठेवले, तर दुसऱ्या पारड्यात २५ बुलबुल ठेवावे लागतील. पंख पसरले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १.२ ते १.५ मीटर भरतात. माझी उंची १ मीटर ३८ सेंटिमीटर आहे. म्हणजे ते पंख पसरून माझ्याशेजारी उभे केले, तर आम्ही दोघे जवळजवळ सारखेच भरू!

आता महत्त्वाचा मुद्दा. बुलबुल हा पक्षी आहे. वटवाघूळ पक्षी नाही. ते सस्तन प्राणी आहे, म्हणजे गाय, मांजर आणि आपण ज्या कुळातले, त्याच कुळातले. त्याच्या अंगावर पिसे नसतात, केस असतात. तोंडात चोच नसते, दात असतात. ते अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देते आणि दूध पाजते. सस्तन प्राण्यांत खरेखुरे उडणारे फक्त वटवाघूळच. उडती खारसुद्धा उडत नाही, ती एका झाडावरून दुसऱ्या झाडावर तरंगत जाते.

पंख

बुलबुलाच्या पंखात हाताची हाडे असतात, पण बोटांची हाडे आखूड आणि एकमेकांना जुळलेली असतात. उडण्याचे काम पिसे करतात. पीस जुने झाले की गळते आणि त्या जागी नवे येते.

वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच. तुमचा पंजा पसरा. आता मनात असे आणा, की अंगठा सोडून बाकीची चार बोटे छत्रीच्या काड्यांसारखी लांबच लांब वाढली आणि मधे पातळ कातडे ताणले. झाला वटवाघळाचा पंख. अंगठा मात्र मोकळा राहतो आणि त्याला नखी असते. त्या नखीने ते फांदीवर चढते, फळ ओढून धरते. शास्त्रज्ञांनी या प्राण्यांच्या गणाला जे नाव दिले आहे, त्याचा अर्थच 'हातपंखी' असा आहे.

उन्हाळ्यात या पंखाचा आणखी एक उपयोग मी डोळ्यांनी पाहिला. दुपारी दोन वाजता वडावरची वटवाघळे एक पंख हळूहळू हलवत होती. आजी चुलीपुढे बसून पदराने वारा घेते ना, अगदी तसे. बुलबुलाला असे करता येत नाही. तो चोच उघडून धापा टाकतो. पक्ष्याला घाम येत नाही, म्हणून तो असा गार होतो.

पाय, आणि उलटे लटकणे

बुलबुलाच्या पायाला तीन बोटे पुढे आणि एक मागे. त्याने तो फांदी मुठीत धरल्यासारखी धरतो. जमिनीवरून टुणकन उडी मारून तो हवेत जाऊ शकतो.

वटवाघळाचे पाय बारीक. त्यावर भार देऊन ते बुलबुलासारखे उभे राहू शकत नाही. पण त्याच्या पायाच्या बोटांत एक सोय असते. ते लटकले की त्याच्याच वजनाने बोटांचे स्नायुबंध ओढले जातात आणि नख्या आपोआप घट्ट बसतात, कडी लागावी तशा. म्हणून लटकून राहायला त्याला कष्ट पडत नाहीत, झोपेतही ते पडत नाही. उडताना फांदी सोडायची आणि पंख पसरायचे, झाले उड्डाण. पण हेच वटवाघूळ जमिनीवर पडले तर त्याला तिथून सहज उडता येत नाही. ते सरपटत जाऊन झाडावर चढायला बघते. म्हणून जमिनीवरचे वटवाघूळ आपल्यावर चालून येतेय असे समजू नका. ते बिचारे झाड शोधत असते.

डोळे, कान आणि आवाज

"वटवाघूळ आंधळं असतं" असे आपण सगळेच म्हणतो. ते खरे नाही. आपल्या वडावरच्या या मोठ्या वटवाघळाचे डोळे चांगले मोठे आहेत. ते अंधारात डोळ्यांनी बघते आणि पिकलेले फळ वासावरून शोधते. आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधणारी वटवाघळे वेगळी. ती छोटी असतात, संध्याकाळी दिव्याभोवती किडे पकडतात. त्यांचा तो आवाज इतका बारीक असतो, की आपल्या कानांना ऐकू येत नाही. 'प्रतिध्वनीवरून जागा शोधणे' या अर्थाचा इंग्रजी शब्द डोनाल्ड ग्रिफिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४४ साली तयार केला.

बुलबुलाचा आवाज गोड असतो, कारण तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला आहे. आपला आवाज गळ्यातल्या स्वरयंत्रातून येतो. पक्ष्यांचे आवाजाचे यंत्र त्याहून खाली, श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे असते. वटवाघळाचे स्वरयंत्र मात्र आपल्यासारखे गळ्यातच असते. त्याचा आवाज म्हणजे कचकच, किचकिच, भांडल्यासारखा. मला वाटते, आपल्या नावडीचे अर्धे कारण इथेच आहे. एक सकाळी गातो, दुसरे रात्री कचकच करते. पण गळा गोड नाही म्हणून कुणाला धोंडा मारायचा का? तसे असते तर प्रार्थनेच्या वेळी मीच वाचलो नसतो.

पिल्ले

इथे दोघांत सगळ्यांत मोठा फरक आहे. हा भाग जरा सावकाश वाचा.

बुलबुल झुडपात वाटीसारखे घरटे करतो. मादी दोन-तीन अंडी घालते. अंडी फिकट गुलाबी आणि त्यांवर तांबडे ठिपके. सुमारे १४ दिवसांत पिल्ले बाहेर येतात. नर-मादी दोघे चारा आणतात, आणि बारा-तेरा दिवसांत पिल्ले घरटे सोडतात. मेंदीतल्या घरट्यात तीन अंडी होती, एक सरड्याने नेले, दोन पिल्ले उडाली. एक वीण वाया गेली तर बुलबुल त्याच साली पुन्हा घरटे करतो.

या वटवाघळाच्या मादीच्या पोटात पिल्लू सुमारे पाच महिने वाढते, आणि वर्षाला तिला बहुधा एकच पिल्लू होते. आपल्याकडे उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्ले होतात. पहिले काही आठवडे पिल्लू आईच्या अंगाला घट्ट धरून राहते आणि तिच्याबरोबर हवेतून जाते. स्वतः उडायला शिकायला त्याला महिने लागतात.

आता गणित करा. बुलबुलाच्या जोडीने वर्षात दोनदा तीन-तीन अंडी घातली तर सहा अंडी. वटवाघळाच्या मादीचे वर्षाला एक पिल्लू. बुलबुलाची सहा वर्षाला, वटवाघळाची सहा सहा वर्षांनी. म्हणजे शंभर वटवाघळे मारायला एक सकाळ पुरते, आणि ती भरून यायला कित्येक वर्षे जातात. मी एकाच खड्याने दोन कमी केली. हे गणित मी वहीत केले, तेव्हा मला त्याची किंमत कळली.

खाणे, आणि त्यातून होणारे काम

इथे मात्र दोघे एकाच धंद्यातले आहेत. दोघेही फळे खातात आणि दोघेही झाडे लावतात.

बुलबुल वड-पिंपळाची फळे, घाणेरीची काळी फळे अशी बारीक फळे खातो. फुलांतला मध पितो आणि किडेही खातो. विष्ठेतून बी पडते आणि रुजते. बुलबुल कुंपणावर, बांधावर, झुडपांवर बसतो, म्हणून त्याने पेरलेली झाडे बहुतेक तिथेच दिसतात.

वटवाघूळ वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब, पेरू, आंबा खाते. ते फळ चावते, रस गिळते आणि चोथा थुंकते. वडाखाली सकाळी असे चोथे पडलेले असतात, मी ते काडीने उकलून पाहिले. वड-उंबराचे बारीक बी रसाबरोबर पोटात जाते आणि उडता उडता खाली पडते. मोठे बी ते तोंडातून दूर नेऊन टाकते. बुलबुल झुडपावरून झुडपावर जातो. वटवाघूळ रात्रीत अनेक किलोमीटर जाते, मधली उघडी माळरानेही ओलांडते. त्यामुळे जिथे एकही झाड नाही तिथे बी टाकण्याचे काम वटवाघूळ करते. शिवाय मोहाच्या फुलांवर जाऊन ते परागही या झाडावरून त्या झाडावर नेते.

आपल्या शाळेच्या मागच्या भिंतीवर पिंपळाचे रोप आहे, ते कुणी लावले? मुख्याध्यापकांनी नाही, आणि वृक्षारोपण सप्ताहात आम्हीही नाही. या दोघांपैकी कुणीतरी एकाने लावले. कुणी, ते पिंपळाला विचारा.

भीती कशाची?

माझी आजी म्हणते, "वाघूळ केसांत अडकतं, अपशकुनी असतं." मी पंधरा संध्याकाळी वडाखाली बसलो. एकही माझ्या केसांत आले नाही. अंधार पडला की ती ओळीने निघत आणि नदीच्या दिशेने जात. मी मोजली. एका संध्याकाळी १८७ भरली, दुसऱ्या संध्याकाळी २०४. दिवाळीत वडाखाली फटाके लावले होते, त्याआधी याहून खूप जास्त होती असे आबा सांगतात.

पण एक भीती खरी आहे, ती मी लपवणार नाही. केरळात २०१८ साली निपा नावाचा रोग आला होता आणि त्यात माणसे दगावली. त्याचा विषाणू या जातीच्या वटवाघळांत राहतो. महाबळेश्वरजवळच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० साली घेतले होते. ती वटवाघळे दुसऱ्या जातींची होती, त्यांच्यातही या विषाणूच्या खुणा मिळाल्या. मग काय करायचे? गुरुजींनी सांगितले ते असे:

१. पडलेल्या, जखमी किंवा मेलेल्या वटवाघळाला हात लावायचा नाही. मोठ्यांना आणि वनरक्षकांना सांगायचे.

२. झाडाखालचे अर्धवट खाल्लेले, दात लागलेले फळ खायचे नाही. चांगले फळही धुऊन खायचे.

३. वटवाघळांना दगड मारायचे नाहीत, धूर करायचा नाही, फटाके लावायचे नाहीत.

तिसरा नियम वाचून काहींना वाटेल, हा त्यांच्या बाजूने बोलतोय. तसे नाही. ती वर लटकलेली असतात तेव्हा आपला आणि त्यांचा संबंध येत नाही. मी खडा मारला म्हणून तर ते आमच्या पायाशी येऊन पडले. आबा नसते, तर आम्ही चौघांनी ते पिल्लू हातात घेतले असते.

आता चिकूवाल्या काकांचे म्हणणे. त्यांच्या बागेत वटवाघळे येतात, नुकसान होते, हे खरे आहे. पण वटवाघळाला पिकलेले, वास सुटलेले फळ हवे असते. तयार फळ वेळेवर उतरवले, थोड्या झाडांना बारीक विणीची जाळी ताणून लावली, तर नुकसान कमी होते. जाळी मोठ्या भोकांची आणि ढिली नको, तिच्यात वटवाघळे आणि बुलबुल दोघेही अडकून मरतात.

कायदा काय म्हणतो?

१९७२ साली वन्यजीवांचा कायदा झाला. त्यात फळे खाणारी वटवाघळे कावळे-उंदरांबरोबर 'उपद्रवी' यादीत होती. म्हणजे त्यांना मारले तरी कायदा विचारत नव्हता. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि ती यादीच काढून टाकली गेली. म्हणजे माझ्या हातून जे झाले, ते आज नुसते वाईट नाही, चूकही आहे.

आणि एक मजेची गोष्ट. भारतातले मोठे पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव सगळ्यांनी ऐकले असेल. त्यांनी आयुष्यभर पक्षी पाहिले. पण त्यांचे नाव एका वटवाघळालाही आहे! तमिळनाडूतल्या डोंगरात १९४८ साली एक फळे खाणारे वटवाघूळ सापडले. त्याचा नमुना बरीच वर्षे तसाच पडून होता. १९७२ साली थायलंडच्या एका शास्त्रज्ञाने तो तपासला, ही वेगळीच जात आहे हे ओळखले आणि तिला सालिम अलींचे नाव दिले. पक्ष्यांच्या माणसाचे नाव वटवाघळाला चालते, मग आपल्यालाच दोघे एकत्र का चालत नाहीत?

शेवटचे

गुरुजींनी विचारले होते, फरक काय? मी इतके फरक शोधले: पीस आणि कातडे, चोच आणि दात, अंडे आणि दूध, दिवस आणि रात्र, गाणे आणि कचकच. पण एकाला कुंपण आणि दुसऱ्याला धोंडा का, याचे उत्तर यातल्या एकाही फरकात सापडले नाही. ते माझ्याच सवयीत होते.

येत्या १ मेच्या ग्रामसभेत वडाचा विषय आहे असे मी घरी ऐकले. काहीजण वडाच्या फांद्या तोडा म्हणतात, काहीजण धूर करा म्हणतात. मला ग्रामसभेत बोलता येत नाही, मी लहान आहे. म्हणून इथे लिहितो. आई-वडिलांनो, तुम्ही तिथे जाल. तेव्हा एवढेच सांगा, की मे महिन्यात अजून पिल्ले आईच्या पोटाशी आहेत. आणि हात वर करण्याआधी एकदा संध्याकाळी वडाखाली या. मी तिथे मोजायला बसलेलाच असतो.

बेचकी मी गुरुजींच्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. परत मागणार नाही.

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी

(जाता जाता कोडे: पंख आहेत, पण पीस नाही. दात आहेत, पण चावत जात नाही. पाळण्यात झोपत नाही, तरी जन्मभर लोंबकळते. सांगा मी कोण? उत्तर वर तपासा, वडावर.)